साधारण सदस्य, एकूण एक

एकतीस वर्षं मी एका भूगोल परिषदेच्या कार्यालयात काम केलं. त्या सगळ्या काळात भूगोलाशी माझा संबंध एवढाच आला, की दोन कपाटांच्या मध्ये एक मोठा पृथ्वीगोल अडकून बसला होता आणि झाडू मारताना तो सरकवावा लागे. परिषदेचं नाव इथे लिहीत नाही. जळगाव-धुळ्याकडच्या कॉलेजांत ज्यांनी भूगोल शिकवला त्यांना ते सांगायची गरज नाही, आणि बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. जळगावला एका कॉलेजच्या मागच्या बाजूला एक खोली, त्यात मी, एक टंकयंत्र, पुढे त्याच्या जागी संगणक, आणि सदस्यांची जाडजूड नोंदवही. प्राध्यापक मंडळी मला अक्का म्हणत. माझ्यापेक्षा वयाने मोठे असलेलेही म्हणत.

माझं काम म्हणजे माणसांना पायऱ्यांवर बसवणं. परिषदेच्या घटनेत सदस्यांच्या चार पायऱ्या होत्या. कॉलेजात शिकणारी मुलं सहयोगी सदस्य. भूगोल शिकवणारा मास्तर किंवा प्राध्यापक साधारण सदस्य. शिकवण्यापलीकडे ज्याने स्वतः काही शोधून लिहिलं तो अधिसदस्य. आणि ज्याला मान दिल्याने परिषदेचीच मान उंच होईल असा कोणी असेल, तर तो सन्माननीय अधिसदस्य. वरच्या पायरीवर गेलं की मिळायचं काय? अधिवेशनात मंचावर खुर्ची आणि छातीवरच्या बिल्ल्याला पिवळ्याऐवजी हिरवी फीत. पगार वाढत नसे, कॉलेजात कोणी विचारत नसे. तरी त्या हिरव्या फितीसाठी माणसं जी धडपड करत, ती मी जवळून पाहिली आहे.

धुळ्याच्या एका प्राध्यापकांनी मुलीच्या लग्नपत्रिकेत स्वतःच्या नावाखाली ‘अधिसदस्य, भूगोल परिषद’ असं छापून टाकलं. त्यांचा अर्ज अजून सभेपुढे यायचा होता. मी फोन करून तसं सांगितलं, तर म्हणाले, “अक्का, पत्रिका वाटून झाल्या. आता सभेनं तेवढं सांभाळून घ्यावं.” सभेनं घेतलं. अध्यक्ष म्हणाले, “मुलीकडची बाजू आहे. अडवू नका.”

हे अध्यक्ष म्हणजे धुळ्याचे प्राचार्य बोरसे. उंच, गोरे, टक्कल तुकतुकीत, आवाज असा की ध्वनिक्षेपक बंद पडला तरी सभेला कळत नसे. सलग सहा वेळा अध्यक्ष झाले. माणूस मनाने दिलदार, आणि परिषदेचं नुकसान झालं ते त्या दिलदारपणानेच. पूर्वी अधिसदस्य व्हायला स्वतःच्या संशोधनाचे पाच छापील लेख लागत. बोरसे सरांनी त्यापुढे तीन शब्द वाढवून घेतले, ‘किंवा तत्सम कार्य’. या तीन शब्दांतून जे काही आत शिरलं ते मी नोंदवून ठेवलंय. कोणी निवडणुकीच्या कामात मतदान केंद्रांचा कच्चा नकाशा काढला होता. कोणी सहलीला मुलांना अजिंठ्याला नेलं होतं. एरंडोलच्या एका सरांच्या कॉलेजने अधिवेशनाला वांग्याच्या भरिताचं जेवण दिलं, आणि पुढच्याच सभेत ‘तत्सम कार्य’ या रकान्यात ‘अधिवेशनाचे यशस्वी आयोजन’ लिहून ते अधिसदस्य झाले. छाननी समितीतल्या एकाने हरकत घेतली, तेव्हा दुसरा म्हणाला, “भरीत तू पण दोनदा घेतलं होतंस.”

अर्जात सात रकाने होते. सातवा असा होता: ‘प्रस्तावित व्यक्तीच्या कार्याविषयी सूचकाचे स्वतःचे मत’. सूचक म्हणजे नाव सुचवणारा. हा रकाना कोणी भरत नसे. सही करत आणि म्हणत, “अक्का, तुम्ही लिहा काहीतरी.” पहिली काही वर्षं मी हाताने ‘कार्य उल्लेखनीय आहे’ असं लिहिलं. मग कंटाळून त्याचा रबरी शिक्काच करून घेतला. आज त्याची लाज वाटते, तेव्हा वाटली नाही. शिक्का फार छान उमटायचा.

एकच माणूस असा होता की ज्याच्यावर मला हा शिक्का कधी मारता आला नाही. अमळनेरचे हिलाल महाजन सर. हायस्कुलात आणि नंतर ज्युनिअर कॉलेजात त्यांनी भूगोल शिकवला. त्यांची माझी ओळख झाली ती माझ्या चुकीमुळे. साधारण सदस्याने आयुष्यभराची वर्गणी एकदम भरली, की आम्ही त्याला आजीव सदस्य असं प्रमाणपत्र देत असू. एका वर्षी साठ प्रमाणपत्रं छापली. छपाई नेहमी सलीमभाईंकडे, बळीराम पेठेत. त्यांच्या कारागिराकडून ‘आ’चा काना राहिला, कच्ची प्रत मी तपासली होती, माझ्याही नजरेतून सुटलं, आणि साठ माणसं ‘अजीव सदस्य’ म्हणून जाहीर झाली. एकोणसाठ जणांनी प्रमाणपत्राला काच लावून भिंतीवर टांगलं. साठावं हिलाल सरांचं. त्यांचं पोस्टकार्ड आलं:

‘आपल्या प्रमाणपत्रानुसार मी निर्जीव झालो आहे. तसे असल्यास वार्षिक अंक यापुढे कोणाच्या नावे पाठवणार, ते कळवावे.’

मी सलीमभाईंकडे कार्ड नेलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, “अक्का, हा माणूस सगळं वाचतो. याच्यापासून जपून राहा.” एक प्रमाणपत्र नवीन छापून दिलं. बाकी एकोणसाठ अजून भिंतीवर आहेत.

दर दोन-तीन वर्षांनी मी हिलाल सरांना अधिसदस्यत्वाचा कोरा अर्ज पाठवी. ते तो परत पाठवत, वर बारीक अक्षरात लिहिलेलं असे, ‘त्या योग्यतेचे अद्याप काही लिहून झालेले नाही.’ मला ते नम्रपणाचं वाटे. तो नम्रपणा नव्हता, ती त्यांनी दिलेली माहिती होती, हे कळायला वेळ लागला.

मग परिषदेचं सुवर्णमहोत्सवी वर्ष आलं. त्याच्या आदल्या अधिवेशनात मंचाची फळी मोडली होती. अधिसदस्य एवढे झाले होते, की मंचावर तीन रांगा लावाव्या लागल्या. आणि समोर प्रेक्षकांत ध्वनिक्षेपकवाला, मी, हिलाल सर आणि कुठूनतरी आलेले तेरा-चौदा साधारण सदस्य. फळीखाली कोणी सापडलं नाही, पण ठरलं, की पुढच्या वर्षीपासून मंचावर फक्त सन्माननीय. त्याच बैठकीत बोरसे सरांनी हात पसरून सांगितलं, “सुवर्णमहोत्सवात कोणी मागे राहू नये.” आणि राहिलेल्या सगळ्या साधारण सदस्यांचे अर्ज भरून घेऊन त्यांना एका ठरावात अधिसदस्य करून टाकलं. फक्त हिलाल सरांनी अर्ज भरलेला नव्हता, ते राहिले.

सुवर्णमहोत्सवात बोरसे सरांना सन्माननीय अधिसदस्य करायचं, हे तर सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. धुळ्याचं सभागृह ठरलं, मुंबईहून पाहुणे ठरले, मानपत्र सलीमभाईंकडे छापायला गेलं. मी अर्ज तयार करायला बसले आणि सूचक कोणाला करावं म्हणून घटना उघडली. तिथे लिहिलं होतं: ‘सन्माननीय अधिसदस्यत्वासाठी सूचक साधारण सदस्यच असावा.’

ज्यांनी परिषद काढली त्यांचा विचार साधा होता. मान खालून वर यावा, वरच्यांनी आपसात वाटून घेऊ नये. सूचक निदान दोन वर्षांचा जुना सदस्य असावा असंही होतं, म्हणजे घाईघाईने नवीन माणूस आणूनही भागणार नव्हतं. मी नोंदवही काढली. साधारण सदस्यांच्या पानावर ओळीने नावं आणि प्रत्येक नावापुढे माझ्याच हातचा शेरा, ‘अधिसदस्य झाले’. पान संपलं. खाली एकच नाव कोरं होतं.

मी धुळ्याला फोन लावला. बोरसे सरांनी आवाज खाली आणला. त्यांच्या बाबतीत हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

“अक्का, मागच्या तारखेची सही नाही का घेता येणार कोणाची?”

“घेता येईल सर. पण हिलाल सर दर वर्षी येऊन नोंदवही बघतात.”

“कशाला बघतात?”

“वाचायला.”

मग म्हणाले, “तुम्ही जाऊन या अमळनेरला. बाईमाणूस गेलं की नाही म्हणणार नाहीत.”

मी सकाळच्या पॅसेंजरने अमळनेरला गेले. हिलाल सरांचं घर बोरी नदीच्या बाजूला. त्यांच्या बायको, इंदूताई, ओट्यावर मेथी निवडत होत्या.

“ये वं बहीण, बस,” म्हणाल्या. त्यांच्या अहिराणीत ‘त्या’ म्हणजे ते, आमचे हिलाल सर. “त्या आत वाची राहिनात. लगीननी पत्रिका उनी तरी त्या पेन्सिल लिसन बसतस. लोके पत्रिका देवाले बी घाबरतस.”

सर बाहेर आले. बारीक अंगाचे, पांढरा सदरा, कानावर खरोखरच पेन्सिल. मी सगळं खरं ते सांगून टाकलं. ऐकून झाल्यावर त्यांनी अर्ज घेतला, पहिल्या रकान्यापासून वाचला आणि सातव्याशी थांबले.

“हे मत मी लिहायचं?”

“लिहायचं असं काही नाही सर. सही केली तरी चालतं. मत मी घालते.”

“तुमचं मत काय आहे?”

मी पिशवीतून शिक्का काढून दाखवला. आता आठवलं की हसू येतं, पण तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही. त्यांनी शिक्का हातात घेतला, उलटा वाचला आणि मला परत दिला.

“बोरसे सरांना मी ओळखतो,” ते म्हणाले. “त्यांची भाषणं ऐकलीत. त्यांचं लेखन मी वाचलेलं नाही. वाचल्याशिवाय सुचवायचं कसं? तुम्ही त्यांचं सगळं लेखन आणून द्या. मी वाचतो आणि सांगतो.”

“सर, अधिवेशनाला तीन आठवडे राहिलेत.”

“माझं वाचन बरं आहे,” ते म्हणाले.

आतून इंदूताईंचा आवाज आला, “चहा लेस ना? त्या हो म्हणेपर्यंत रातले मुक्काम करना पडी तुले.”

मी धुळ्याला गेले. बोरसे सरांच्या परिचयपत्रकात ‘एकूण लेखन: बेचाळीस’ असं छापलेलं होतं. हा आकडा मी वर्षानुवर्षं टाइप केला होता, पण त्या बेचाळीस गोष्टी कोणी पाहायला मागितल्या नव्हत्या. सर स्वतः माळ्यावर चढले. वरून एकेक गठ्ठा देत होते आणि प्रत्येक गठ्ठ्याबरोबर त्यांचा आवाज लहान होत होता.

“हे नको देऊ का?” एक पुस्तक हातात धरून ते म्हणाले.

“त्यांनी सगळं मागितलंय सर.”

“सगळं म्हणजे सगळं?”

“यादी त्यांच्याकडे आहे.”

सरांनी पुस्तक दिलं. शेवटी ट्रंकेच्या तळातून एक पिवळी पडलेली पुस्तिका निघाली. ती त्यांनी उघडून पाहिली, धूळ झटकली आणि खोक्यात टाकली.

खोकं एसटीने अमळनेरला पोचवलं. दहा दिवसांनी पोस्टकार्ड आलं, ‘वाचून झाले. यावे.’

मी गेले तेव्हा सरांच्या खोलीत जमिनीवर तीन ढीग होते. एक मोठा, एक मध्यम, आणि तिसऱ्यात ती पिवळी पुस्तिका एकटी.

“या प्रस्तावना,” मोठ्या ढिगाकडे बोट दाखवून सर म्हणाले. “लोकांच्या पुस्तकांना लिहिलेल्या. एकोणीस आहेत. त्यांतल्या अकरा एकच आहेत, पुस्तकाचं नाव बदललंय. एकीत बदलायचं राहिलं. पुस्तक पिकांवर आहे आणि प्रस्तावना लोकसंख्येवर.”

मी मान खाली घातली. त्या प्रस्तावना मीच टाइप केल्या होत्या.

“हे गौरवग्रंथांतले लेख आणि उद्घाटनाची भाषणं. यांत काही चूक नाही, कारण यांत काही सांगितलेलंच नाही.” मग त्यांनी पुस्तिका उचलली. “आणि हे फडाविषयी आहे.”

ज्यांना फड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, मलाही तेव्हाच कळलं. पांझरा नदीवर जागोजागी जुने लहान बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो. गावाची जमीन तीन-चार फडांत वाटलेली असते आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे पाणी सगळ्यांना सारखंच लागतं. कोणाच्या शेतात पाणी कधी सोडायचं ते पाटकरी ठरवतो आणि त्याच्याशी कोणी वाद घालत नाही. बोरसे सर सव्वीस वर्षांचे असताना साक्री तालुक्यातल्या एका गावात चार महिने राहिले होते. पाटकऱ्याबरोबर बांधावर बसून त्यांनी प्रत्येक शेताच्या पाण्याची पाळी घड्याळ लावून लिहून घेतली होती.

“मी परवा जाऊन आलो तिथे,” हिलाल सर म्हणाले.

“कुठे?”

“त्या गावाला. एसटीने. लेखात लिहिलंय ते खरं की नाही, ते इथे बसून कसं कळणार?”

सरांचं वय तेव्हा पंचाहत्तरच्या आसपास होतं. इंदूताई दारात उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली.

“जुना पाटकरी वारला. त्याचा मुलगा आहे, तोही आता म्हातारा. मी लेख वाचून दाखवला, त्याने सगळ्या पाळ्या तोंडपाठ सांगितल्या. जुळल्या. एकाही शेताची चूक नाही.” मग सर जरा हसले. “त्याने विचारलं, ‘तो लांब केसना मास्तर का?’”

अर्ज भरून तयार होता. सूचकाची सही होती. आणि सातव्या रकान्यात, माझ्या एकतीस वर्षांत पहिल्यांदा, सूचकाचं स्वतःचं मत होतं. गाडीत बसल्यावर मी ते वाचलं. ते असं होतं:

‘प्राचार्य बोरसे यांचे सर्व लेखन, एकूण बेचाळीस, मी वाचले. एकेचाळिसांत मला काही नवे आढळले नाही. एक लेख फडपद्धतीवर आहे. त्यासाठी ते चार महिने बांधावर बसले. तो मी गावात जाऊन तपासला. चूक सापडली नाही. एक गोष्ट एवढी नीट पाहणारी माणसे थोडी असतात, म्हणून त्यांना हा मान द्यावा अशी मी सूचना करतो. त्यांनी आणखी पाहायला हवे होते.’

धरणगावपर्यंत मी ते चार वेळा वाचलं. हे बोरसे सरांपुढे ठेवायचं कसं, याचा विचार करून मला जळगाव आल्याचंही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला जाऊन त्या अकरा प्रस्तावनांचं सांगून टाकलं, अर्ज त्यांच्या हातात दिला आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसले. त्यांनी वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला.

“हा माणूस गावात गेला होता?”

“हो सर.”

“पाटकरी आहे का अजून?”

“नाहीत. मुलगा आहे. त्यांनी विचारलं, तो लांब केसांचा मास्तर का म्हणून.”

सरांनी टकलावरून हात फिरवला. नंतर अर्ज घडी करून मला परत दिला आणि त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. “सही आहे ना? मग झालं. हा रकाना कोणाला दाखवायचा नाही. आणि एक झेरॉक्स काढून मला द्या.”

झेरॉक्स कशाला हवी ते मी विचारलं नाही. फाडून टाकायला मूळ कागद लागतो, झेरॉक्सने भागत नाही, एवढं मला ठाऊक होतं.

सुवर्णमहोत्सवी अधिवेशनाला धुळ्याचं सभागृह भरलं होतं. मंचावर पाच खुर्च्या. खाली हिरव्या फितींचा सगळा समुदाय. साधारण सदस्यांसाठी राखीव म्हणून मी पहिल्या रांगेत पाटी लावली होती, तिथे हिलाल सर एकटे बसले, मांडीवर कार्यक्रमपत्रिका, हातात पेन्सिल. मानपत्र वाचलं गेलं. ‘ज्ञानमहर्षी’, ‘भूगोलभास्कर’, ‘खानदेशभूषण’. सलीमभाई माझ्या शेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, “हे तिन्ही मागच्या वर्षी दुसऱ्यालाही लागले होते. मी फक्त नाव बदललं.” टाळ्या झाल्या, शाल झाली, नारळ झाला.

बोरसे सर उत्तर द्यायला उठले. त्यांनी खिशातून झेरॉक्स काढली.

“मानपत्र तुम्ही ऐकलं,” ते म्हणाले. “आता माझ्या सूचकाचं मत ऐका.” आणि त्यांनी सातवा रकाना पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. सभेला आधी वाटलं ही गंमत आहे, दोघे-चौघे हसले. मग हसू थांबलं. ‘त्यांनी आणखी पाहायला हवे होते’ हे वाक्य त्यांनी वाचलं आणि कागद खाली ठेवला.

“पाटकऱ्याची बायको मला रोज दुपारी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी द्यायची,” ते म्हणाले. “तिचं नाव लेखात लिहायचं राहिलं. बाकी यांनी लिहिलंय ते बरोबर आहे.” आणि बसले.

एवढंच. बोरसे सर तीन मिनिटांत बसले, हे कोणालाच खरं वाटेना. आभार घाईघाईने उरकले आणि लोक जेवायला गेले, तर जेवण तयार नव्हतं. आचारी कमरेवर हात ठेवून माझ्यावरच उखडला, “बोरसे सर बोलणार म्हणून मी पुऱ्या पाऊण तासाने सोडायच्या ठेवल्या होत्या. असं मधेच बसतात का?”

मांडवात उभ्या-उभ्या बोरसे सर हिलाल सरांकडे आले. मी जवळ होते.

“सर,” बोरसे म्हणाले, “एकसारख्या प्रस्तावना अकरा नाहीत, बारा आहेत. एक तुमच्या हाती लागली नाही.”

हिलाल सरांनी कानावरची पेन्सिल काढली. “कोणत्या पुस्तकाची?” त्यांनी विचारलं. “पाठवून द्या.”

त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी बोरसे सर जळगावच्या कार्यालयात आले, पहिल्यांदाच न कळवता. पॅन्टला खाली चिखल लागलेला होता. म्हणाले, साक्रीकडून येतोय. पृथ्वीगोलाच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “अक्का, मला साधारण सदस्य करा.”

मला वाटलं त्यांना बरं वाटत नसेल. मी पाणी दिलं.

“मला सूचक व्हायचंय,” ते म्हणाले. “अधिसदस्याला होता येत नाही. आणि हिलाल सरांनी एकट्यानं किती वाचायचं?”

वर चढायचे अर्ज माझ्याकडे गठ्ठ्याने होते. खाली उतरण्याचा नव्हता, कारण पन्नास वर्षांत तो कोणी मागितला नव्हता. मी कोऱ्या कागदावर रेघा मारून एक तयार केला. कारण या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘काम करावयाचे आहे.’ सभेत त्यावर फार गोंधळ झाला, पण घटनेत उतरू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यांची पूर्वीची वर्षंही धरली गेली. नोंदवहीतल्या त्या पानावर दुसरं नाव मी स्वतः लिहिलं.

सूचक होऊन त्यांना कोणाचं नाव सुचवायचं होतं, ते मला माझ्या निरोपाच्या सभेत कळलं. नोकरी संपली म्हणून सदस्यांनी मला साडी आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. मग बोरसे सर उठून म्हणाले, की अक्कांना सन्माननीय अधिसदस्य करावं, सूचक मी. टाळ्या झाल्या. मला रडू आलं, आणि खोटं कशाला सांगू, हिरवी फीतही डोळ्यांपुढे आली. पहिल्या रांगेतून हिलाल सर उठले.

“त्यांचं लेखन वाचल्याशिवाय सातवा रकाना भरता येणार नाही,” ते म्हणाले.

“सर, मी काही लिहिलेलं नाही,” मी म्हटलं.

“एकतीस वर्षांची इतिवृत्तं तुम्हीच लिहिली आहेत.”

इतिवृत्त म्हणजे सभेत काय झालं त्याची नोंद. अकरा वह्या भरल्या होत्या. सहा हिलाल सरांनी अमळनेरला नेल्या, पाच बोरसे सरांनी धुळ्याला. या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. ते अजून वाचताहेत. मधे इंदूताईंचा फोन आला होता. “बहीण, तुनं लिखेल बठ्ठं खरं शे का वं? त्या रोज एक पान वाचतस आन माले इचारतस, आसं व्हयनं व्हई का म्हनीसन. माले काय माहीत?”

आता पोस्टकार्डं मला येतात. अमळनेरहून येतात तशी धुळ्याहूनही येऊ लागली आहेत. अमुक सभेत ‘चर्चेअंती एकमताने मंजूर’ असं लिहिलं आहे, त्या दिवशी खरोखर एकमत होतं का? तमुक सभेत ‘प्रकृतीच्या कारणाने अनुपस्थित’ म्हटलं आहे, ते गृहस्थ त्याच दिवशी सोनगीरला एका वरातीत होते, असं बोरसे सरांना आठवतं. मी एकेका कार्डाला खरं ते उत्तर लिहिते. सोपं नाही ते. एकतीस वर्षं मी सगळ्यांच्या मनासारखं लिहीत आले, आणि आता कळतंय की माझ्या त्या अकरा वह्यांत भांडण म्हणून एकही नाही.

परवाच्या कार्डात हिलाल सरांनी विचारलं आहे, की कार्यकारिणीच्या एका सभेविषयी ‘खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली’ अशी नोंद आहे, परंतु त्या सभेत एक खुर्ची मोडल्याचे मला स्मरते, तरी खुलासा व्हावा.

मी खुलासा लिहून टाकलाय. खुर्ची मोडली होती. कोणी उचलली आणि कोणाच्या दिशेने, तेही लिहिलंय. वातावरण खेळीमेळीचं झालं ते जेवणानंतर.